नऊ दिवसांत स्पिती, सोबत बाबा आणि लेक: गाडी नंतर, आधी झोपायचं कुठे ते ठरवा

तुमचा प्लॅन मला जसा समजला तो असा. जूनचा शेवटचा आठवडा, पुण्याहून दारातून दारात नऊ दिवस, माणसं चार, त्यात बाबा ६४ वर्षांचे, बीपीची गोळी चालू पण रोज चार किलोमीटर चालतात, आणि मुलगी नऊ वर्षांची. मनालीकडून हिमाचलच्या स्पिती खोऱ्यात शिरायचं, आत गेल्यावर पहिल्याच रात्री चंद्रताल तळ्याजवळ तंबूत राहायचं, मग स्पितीतलं मुख्य गाव काझा, ‘की’ नावाचा गोम्पा म्हणजे मठ, किब्बर, लांगझा, हिक्किम, कोमिक आणि किन्नौर-शिमल्याकडून बाहेर पडायचं. आणि विचारलंय काय, तर गाडी कुठली घ्यावी, थर्मल किती जोड लागतील आणि ऑक्सिजनचा कॅन पुण्यातून न्यावा की तिथे मिळतो.

गाडी आणि थर्मलचं नंतर बघू, ते सुटणारे प्रश्न आहेत. खरा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही, तो म्हणजे कुठल्या रात्री किती उंचीवर झोपणार. मी २०१० पासून पाच-सहा जणांचे छोटे ग्रुप घेऊन स्पितीला जातो आणि आता मी प्लॅन करायला बसलो की कागदावर प्रेक्षणीय स्थळं लिहीतच नाही, आधी फक्त मुक्कामांची उंची एकाखाली एक लिहितो. तुमच्या प्लॅनची तशी यादी केली तर पुणे साधारण ५६० मीटर, मनाली २,०५०, चंद्रताल ४,२५०. म्हणजे मनालीच्या रात्रीवरून पुढच्याच रात्रीला २,२०० मीटरची उडी. ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं असं डॉक्टर लोक सांगतात. ते तंतोतंत पाळणं रस्त्याच्या प्रवासात नेहमी जमत नाही हे मलाही माहितीय, पण २,२०० म्हणजे अगदीच डोळे मिटून विहिरीत उडी.

पूर्वी या बाजूला रोहतांगचा घाट आडवा यायचा, तिथल्या ट्रॅफिकमध्येच दिवस जायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला, नऊ किलोमीटरचा, आणि मनालीहून चंद्रताल एका दिवसात सहज व्हायला लागलं. सोय झाली हे खरं, पण त्यामुळेच लोक आता सकाळी मनालीत पराठा खाऊन निघतात आणि संध्याकाळी अशा ठिकाणी असतात जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच असतो. संध्याकाळी सगळे मजेत असतात, फोटो काढतात, कारण त्रास लगेच होत नाही, पोहोचल्यावर सहा ते बारा तासांनी सुरू होतो, म्हणजे नेमका मध्यरात्री तंबूत.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. २०१४ ला मी स्वतः हाच मूर्खपणा केला होता, ग्रुपमध्ये सगळे तरुण, तेव्हा म्हटलं काय होतंय. त्यातला सगळ्यात फिट माणूस, चौतीस वर्षांचा, हाफ मॅरेथॉन पळणारा, रात्री दीड वाजता मला उठवायला आला आणि तंबूच्या चेनचं टोकच त्याला सापडेना, बाहेरून नुसता चाचपडतोय. डोकं फुटतंय म्हणाला, दोनदा उलटी झाली होती. मी त्याला टॉर्चच्या उजेडात सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालायला सांगितलं, चौथ्या पावलाला तो बाजूला कलंडला. ती खूण वाईट, मेंदूवर सूज यायला लागल्याची असू शकते, तिथे सकाळची वाट बघायची नसते. आम्ही अंधारात गाडी काढली, बातलपर्यंतचे चौदा किलोमीटर मी पुढे बसून फक्त रस्त्याची कड बघत होतो, आणि बातलही ३,९०० च्या वरच आहे म्हणून तिथे न थांबता छतडूपर्यंत उतरलो. उजाडेपर्यंत त्याला बराच उतार पडला, चहात बिस्कीट बुडवून खाल्लं त्याने. तेव्हा बोगदा नव्हता, त्रास वाढलाच असता तर मनालीला जायला रोहतांग पुन्हा चढावा लागला असता. चूक सर्वस्वी माझी होती, त्यानंतर एकाही ग्रुपला मी मनालीकडून आत नेलेलं नाही.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, फिटनेसचा आणि हाय अल्टिट्यूडच्या त्रासाचा फारसा संबंध नाही. बाबा रोज चार किलोमीटर चालतात हे उत्तमच, चढावर धाप कमी लागेल, पण डोकं दुखायचं असेल तर ते दुखणारच. उलट मी बघितलंय की वयस्कर माणसं हळू चालतात, वेळेवर झोपतात, म्हणून पुष्कळदा त्यांचंच बरं जातं आणि पंचविशीतली पोरं उड्या मारतात आणि आडवी होतात. दोन, त्रास झाला तर खाली उतरायला वाट कुठून आहे हे आधीच माहीत पाहिजे. बहुतेक वेळा ५०० ते १,००० मीटर खाली आलं की माणूस सुधारतो, पण स्पितीत खाली म्हणजे कुठे? काझा साधारण ३,६५० मीटरवर आहे. तिथून मनालीकडे निघालात तर आधी ४,५५१ मीटरचा ‘कुंझुम ला’ (ला म्हणजे खिंड) चढायचा, म्हणजे आजारी माणसाला घेऊन अजून वर. किन्नौरच्या बाजूला ताबो ३,२८० वर मिळतं, ते बरं, पण त्याच्या पुढे नाकोजवळ रस्ता पुन्हा ३,६०० च्या आसपास चढतो आणि मग खाबच्या वळणांवरून एकदाचा सतलजपर्यंत उतरतो. नकाशावर हे दिसत नाही, सपाट कागदावर काझा-मनाली २०० किलोमीटर आणि काझा-शिमला ४०० च्या वर दिसतं आणि माणूस जवळचा रस्ता धरतो.

म्हणून आत शिरायचं ते शिमला-किन्नौरकडूनच. नारकंडा २,७००, कल्पा २,९६०, मग स्पिती. रस्ता लांब आहे, वेळखाऊ आहे, पण तेच दिवस शरीराला मिळतात. शरीर तिथे नेमकं काय करतं हे थोडक्यात सांगतो कारण त्यावरूनच बाकीचे नियम कळतात. हवा विरळ झाली की श्वास आपोआप जलद होतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्त जरा अल्कलाइन होतं, मग शरीर श्वासाला ब्रेक लावतं. मूत्रपिंडं लघवीवाटे ते संतुलन परत आणतात पण त्यांना दोन-चार दिवस लागतात. म्हणून तिथे लघवीला जास्त जावं लागलं तर घाबरायचं नाही, उलट गाडी रुळावर आहे. आणि झोपेत श्वास मंदावतो म्हणून दिवसा तासभर ४,५०० ला जाऊन आलेलं चालतं, झोपलेलं चालत नाही. पहिल्या रात्री बाबांच्या शेजारी झोपलात तर ऐकू येईल, चार-पाच मोठे श्वास, मग एकदम शांतता, तुम्ही उठून बसता, आणि मग दचकल्यासारखा मोठा श्वास. उंचीवर हे खूप जणांचं होतं, नुसतं तेवढंच असेल तर घाबरायचं कारण नाही. माणूस जागा असताना, नुसता बसलेला असताना धाप लागत असेल, कोरडा खोकला वाढत असेल किंवा गुलाबीसर फेस पडत असेल तर मात्र ते फुप्फुसात पाणी होण्याचं लक्षण, लगेच खाली आणि हॉस्पिटल.

आता तुमच्या नऊ दिवसांचं. खरं सांगायचं तर पूर्ण सर्किट, म्हणजे एकीकडून आत आणि दुसरीकडून बाहेर, बाबा आणि मुलीसोबत अकरा-बारा दिवसांच्या आत मी करणार नाही. नऊच दिवस असतील तर चंद्रताल आणि मनाली दोन्ही सोडा. वाईट वाटेल, चंद्रतालचे फोटो बघूनच हा प्लॅन सुरू झाला असणार. पण कुंझुम साधारण मे अखेर ते जूनच्या मध्यात उघडतो, चंद्रतालचा फाटा कधीकधी त्याच्याही नंतर, आणि जुलै २०२३ मध्ये तर ऐन पावसाळ्यात तिथे बर्फ पडून जवळपास तीनशे जण अडकले होते. परतीचं विमान ठरलेलं असताना तिकडे जाणं म्हणजे सगळी ट्रिप एका नाल्याच्या पाण्यावर टांगून ठेवणं. त्या रस्त्यावरचे नाले दुपारनंतर फुगतात, ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो म्हणून, सकाळी घोट्याएवढं पाणी असतं तिथे दुपारी तीनला छोटी गाडी घालायची हिंमत होत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. पहिल्या दिवशी सकाळच्या विमानाने चंदीगड आणि तिथून थेट नारकंडा, शिमल्यात थांबायचं नाही, तिथल्या ट्रॅफिकमध्ये शिरण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी रामपूर, करछम करत कल्पा. तिसरा दिवस कल्पातच, काहीही न करता, समोर किन्नर कैलास आहे, खिडकीत बसा, संध्याकाळी रोघीच्या रस्त्याने पाय मोकळे करून या. चौथ्या दिवशी कल्पा ते ताबो. इथे बरेच जण नाकोला मुक्काम टाकतात, वाटतं की मधला टप्पा आहे म्हणजे हळूहळू चढतोय, पण नाको ३,६०० च्या वर आहे, म्हणजे जवळजवळ काझाएवढंच. ताबो त्याच्या पुढे असूनही खाली आहे. नाकोला तळ्यापाशी जेवा, तासभर फिरा आणि पुढे जाऊन ताबोला झोपा.

आणि मग ताबोतच तीन रात्री राहा. हे मी हल्ली लहान मुलं किंवा ज्येष्ठ असलेल्या बऱ्याच ग्रुपसोबत करतो आणि लोक आधी नाराज होतात की काझाला मुक्काम नाही म्हणजे काय, मग नंतर खूश असतात. काझा ताबोपासून ४७ किलोमीटर आहे, पावणेदोन-दोन तास. पाचव्या दिवशी आरामात उठून ताबोचा मठ बघा, इसवी सन ९९६ मधला आहे, बाहेरून नुसत्या मातीच्या भिंती, काही विशेष वाटत नाही, आणि आत गेलं की चारही भिंतींवर चित्रं आणि भिंतीतून पुढे आलेल्या मूर्ती. हिमालयातलं अजिंठा म्हणतात त्याला, आपण अजिंठा पाहिलेली माणसं असल्याने तुलना होतेच. आत अंधार असतो, फोटोला बंदी आहे, डोळे सरावायला पाच मिनिटं द्या, लोक दोन मिनिटांत बाहेर येतात आणि म्हणतात काही दिसलं नाही. दुपारी बरं वाटत असेल तर धनकर, ३,९०० च्या आसपास आहे, जाऊन खाली यायचं. वरच्या तळ्यापर्यंतचा चढ बाबांनी करू नये, मुलीनेही नको. सहाव्या दिवशी काझा, की गोम्पा, जमल्यास किब्बर आणि चिचमचा पूल, आणि संध्याकाळी परत ताबो. दिवसा ४,२०० पर्यंत जाऊन आलात आणि झोपलात ३,२८० ला. पाचव्या किंवा सहाव्या दिवशी कोणाला बरं नसेल तर ती बेरीज-वजाबाकी तिथल्या तिथे करता येते, हॉटेल बदलावं लागत नाही. सातव्या दिवशी कल्पा किंवा रेकाँग पिओ, आठव्या दिवशी नारकंडा, नवव्या दिवशी चंदीगड आणि विमान, तेही रात्रीचं, दुपारचं घेऊ नका.

लांगझा, हिक्किम, कोमिक यात बसत नाही. दोन दिवस रजा वाढवता आली तर ताबोच्या दोन रात्रींनंतर काझाला दोन रात्री टाका, तेव्हा ती तिन्ही गावं एका दिवसात होतात, आणि उरलेला एक दिवस कोरा ठेवा. कोरा म्हणजे खरंच कोरा, त्यात काही भरायचं नाही. किन्नौरमध्ये दरडी पडतात, ११ ऑगस्ट २०२१ ला निगुलसरीला तर बससकट गाड्या ढिगाऱ्याखाली गेल्या होत्या, आणि जून अखेर म्हणजे खाली पाऊस सुरू व्हायची वेळ. स्पिती स्वतः पर्जन्यछायेत आहे, तिथे पाऊस कमी, पण तिथे पोहोचायचा रस्ता पावसाच्या पट्ट्यातून जातो ना. रोज सकाळी सहा-साडेसहाला निघा आणि चारच्या आत मुक्कामाला लागा, दुपारी वारा सुटला की नाकोजवळच्या मलिंग-खाबच्या पट्ट्यात वरून दगड सुटतात, शूटिंग स्टोनच्या पाट्या उगाच लावलेल्या नसतात.

बाबांच्या बाबतीत बऱ्याच गोष्टी त्यांच्या डॉक्टरवर अवलंबून आहेत आणि मी डॉक्टर नाही. बीपी कंट्रोलमध्ये असेल तर कित्येक जण जाऊन येतात, पण निघायच्या महिनाभर आधी त्यांच्या फिजिशियनला मुक्कामांच्या उंचीचा कागद दाखवा, नुसतं हिमाचलला चाललोय म्हणू नका, डॉक्टरला वाटतं शिमला-मनाली आणि ते हो म्हणून मोकळे होतात. डायमॉक्सचं, म्हणजे उंचीचा त्रास टाळायला देतात त्या गोळीचं, त्यांनाच विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते सांगा, आणि बीपीच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं, डायमॉक्सही लघवी वाढवतं, तेव्हा दोन्हीचा मेळ त्यांनीच घालायचा. डायमॉक्स घेतलं म्हणजे चंद्रतालला उडी मारायचा परवाना मिळाला असं मात्र नाही. झोपेची गोळी नको, आणि कोणी घेत असेल तर दारू पहिले तीन-चार दिवस अजिबात नको.

मुलीचं वेगळं असतं, मुलं डोकं दुखतंय असं नीट सांगत नाहीत. चिडचिड, खाणं बंद, खेळायचं सोडून मांडीत येऊन पडणं, ह्यालाच लक्षण समजायचं. किन्नौरच्या वळणांवर तिला गाडी लागेल आणि तुम्ही प्रत्येक उलटीला वळणांना दोष द्याल. माझा नियम असा आहे की ३,००० च्या वर डोकेदुखी किंवा उलटी झाली की ती उंचीमुळेच असं धरून चालायचं, दुसरं कारण पक्कं होईपर्यंत. म्हणजे त्या दिवशी वर जायचं नाही, आणि वाढलं तर उतरायचं.

ऑक्सिजनचा कॅन नेऊ नका. तो डिओड्रंटसारखा दिसणारा डबा काही मिनिटांत संपतो, आणि लोकांना वाटतं आता बरं आहे म्हणून ते तिथेच थांबतात, तोच त्याचा खरा तोटा. काझाला सरकारी हॉस्पिटल आहे, ऑक्सिजन तिथे मिळतो, पिओला त्याहून मोठं आहे. ऑक्सिमीटर न्या हवं तर, पण काझाला ८५-९० दिसलं म्हणून घाबरू नका, तिथे बऱ्याच धडधाकट माणसांचं तेवढंच येतं. बोटं गार असली की आकडा खोटा येतो, हात चोळून गरम करा मग लावा. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा.

गाडीचं म्हणाल तर शिमल्याच्या बाजूने आत-बाहेर करताना इनोव्हा किंवा एर्टिगासारखी कुठलीही बरी गाडी चालते, फोर बाय फोरची गरज नाही. पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन जायचा विचार असेल तर सोडा, चार दिवस त्यातच जातील. स्वतः चालवणार असाल तर पिओजवळच्या पोवारीला टाकी भरून घ्या, पुढचा पंप थेट काझाला. रोख पैसे रामपूर किंवा पिओलाच काढा, काझाला एटीएम आहे पण त्याच्या भरवशावर जाऊ नका, आणि नेटवर्क गेलं की युपीआयही गेलं. भारतीयांना या रस्त्याला परमिट लागत नाही, ओळखपत्र मात्र प्रत्येकाचं जवळ ठेवा. कपडे म्हणजे थर्मलचे दोन जोड, एक फ्लीस, एक वारा अडवणारं जाकीट, कानटोपी. जून अखेरीला दिवसा टी-शर्टवर बसता येतं, ऊन गेलं की दहा मिनिटांत दात वाजतात. गॉगल आणि सनस्क्रीन थर्मलइतकंच महत्त्वाचं, हे कोणी ऐकत नाही आणि चौथ्या दिवशी नाकाची साल निघते.

ड्रायव्हर ठरवताना भाड्याच्या आधी त्याला एवढंच विचारा की रात्री दोन वाजता बाबांना खाली न्यायची वेळ आली तर तो ताबोहून अंधारात गाडी काढेल का, आणि त्या रस्त्यावर तो याआधी कितीदा आलाय. जो पटकन हो साहेब म्हणेल त्याच्यापेक्षा जो नाको आणि मलिंगचं नाव काढून जरा विचार करून उत्तर देईल तो घ्या, मग हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील.